बिघडलं तर कोण येणार?

हेल्गेचा उजवा खांदा गेल्या हिवाळ्यात कामातून गेला आणि तिथून या सगळ्या गोंधळाला सुरुवात झाली. निवृत्त होईपर्यंत त्याने नॉर्वेच्या सीमेअलीकडच्या हेरयेदालेन भागातल्या डोंगरी रस्त्यांवर बर्फ काढायची गाडी चालवली होती. घरी आलं की लाकडं फोडायची, तळघरातल्या बॉयलरमध्ये भरायची. घर तापवणं म्हणजे एवढंच, अशी त्याची समजूत. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "आता कुऱ्हाडीला हात लावायचा नाही."

"मग घर कशाने तापवू?"

"लोक हीट पंप बसवतात की," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. जणू हीट पंप म्हणजे बुटांचा जोड. दुकानात जायचं, पायात घालून बघायचा आणि घेऊन यायचं.

बर्फ वितळायला लागल्यावर विक्रेते आले. पहिला पोरगेलासा होता, टोकदार बूट घालून चिखलातून उड्या मारत आला. म्हणाला, "एक डबा भिंतीवर आत, एक बाहेर. हवेतली ऊब ओढून घरात सोडतो."

"कुठल्या हवेतली?"

"बाहेरच्या."

"बाहेर उणे तीस असतं रे बाबा."

"उणे तीसच्या हवेतसुद्धा ऊब असतेच," पोरगा ठामपणे म्हणाला. हा आपली थट्टा करतोय का, हे बघायला हेल्गेने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. पोरगा गंभीर होता.

दुसऱ्याने पहिल्याला हसण्यावारी नेलं. "तो डबा उन्हाळी बंगलीला ठीक आहे. तुमच्याकडे रेडिएटर आहेत ना? मग हवेतल्या उबेने रेडिएटरचं पाणी तापवणारा घ्या." तिसरा दुसऱ्यावर हसला. "हवा सोडा, खाली बघा. अंगणात दोनशे मीटर बोअर मारायची. खडक कधी गारठत नाही." मग दुसऱ्याचा फोन आला तेव्हा हेल्गेने खडकाचं काढलं, तर तो म्हणाला, बोअरला घातलेला पैसा तुमच्या हयातीत वसूल व्हायचा नाही. हे ऐकून आपण अजून किती जगणार याचाही हेल्गे हिशेब करायला लागला, आणि तोही जुळेना.

प्रत्येकाकडे एकेक आकडा होता. एक म्हणे, विजेच्या एका युनिटला आमचं मशीन उबेची तीन युनिटं देतं. दुसरा म्हणे चार. तिसरा म्हणे पाच. "हे जानेवारीत?" हेल्गेने विचारलं, तर तिघांचंही उत्तर एकच, "वर्षाची सरासरी." जुलैमध्ये मिळालेली ऊब जानेवारीत कशी पुरवून वापरायची, ते मात्र कुणी सांगेना. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन कॅटलॉग पडले होते. तिन्हींत एक बाई अनवाणी पायांनी लाकडी जमिनीवर बसून कॉफी पीत हसत होती. तीच बाई आहे की वेगवेगळ्या, हेसुद्धा हेल्गेला ठरवता येईना.

"तू चुकीचं विचारतोयस," शेजारची बार्ब्रो म्हणाली. गावात पस्तीस वर्षं टपाल वाटलेली बाई; घराघरातलं तिला ठाऊक. "किती ऊब देतो, हे काय विचारतोस? जानेवारीत रविवारी बंद पडला तर कोण येणार, ते विचार."

हेल्गेला ते एकदम पटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्या भाषेत बोललं असं वाटलं. "तुझ्याकडे कोण येतं?"

बार्ब्रोने कपातली कॉफी उगाचच ढवळली. ती साखर घेत नसे. "येतं कुणीतरी," ती म्हणाली. "मला उशीर होतोय, हेल्गे."

मग हेल्गे गावभर विचारत सुटला. किराणा दुकानाचा मालक म्हणाला, "आमचा पंप एक नंबर! काही झालं की तो लगेच..." आणि तिथेच त्याला अचानक मागच्या खोलीत काम आठवलं. पेट्रोल पंपावरची बाई म्हणाली, "सर्व्हिस? चांगली आहे. हो, चांगलीच म्हणायची," आणि खिडकी पुसायला लागली. चर्चच्या माळ्याने तर सरळ हवामानावर गाडी नेली. कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं हेल्गेला कळलं. ही मशीनं फसवी निघाली असणार आणि सगळे लाजेने लपवताहेत, असं त्याने मनाशी धरलं, आणि तडक बार्ब्रोच्या दारात जाऊन उभा राहिला.

"खरं सांग. काय बिघडतं त्यांच्यात?"

"काही बिघडत नाही रे," बार्ब्रो वैतागून म्हणाली. "आणि बिघडलं तर स्टेलान येतो. झालं समाधान? या अख्ख्या खोऱ्यात तो एकटाच आहे. सगळ्यांचे पंप तोच बघतो. तुझ्यासमोर त्याचं नाव कोण घेणार?"

स्टेलान आणि हेल्गे एकेकाळी एकाच शिकारी टोळीत होते. सप्टेंबरात एल्क हरणांच्या शिकारीला बरोबर जायचे, एकाच थर्मासमधली कॉफी प्यायचे. मग एका शरद ऋतूत हेल्गेची बायको मायलिस दोन बॅगा घेऊन घराबाहेर पडली आणि वसंतात स्टेलानच्या घरी राहायला गेली. हेल्गेने टोळी सोडली. त्याला बारा वर्षं झाली. दोघं एकमेकांना दुकानात दिसत, तेव्हा एक जण दुधाच्या कपाटाकडे वळे आणि दुसरा ब्रेडकडे.

स्टेलानला टाळायचा त्याने मनापासून प्रयत्न केला. ज्या कंपनीचा पहिला पोरगा होता तिच्या सर्व्हिस नंबरावर फोन लावला. रेकॉर्ड केलेल्या बाईने आधी एक दाबा म्हटलं, मग चार, मग तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे म्हणून संगीत लावलं. बऱ्याच वेळाने दक्षिणेकडच्या बोलीत बोलणारा एक मुलगा फोनवर आला आणि त्याने विचारलं, "हेरयेदालेन म्हणजे नॉर्वेत का?" हेल्गेने फोन ठेवला. मग घाटापलीकडच्या ओस्टरसुंड शहरातल्या एका माणसाचा नंबर मिळवला. तो माणूस भला होता. "हिवाळ्यात त्या घाटातून मी येत नाही हो. आणि तुम्हाला मी कशाला हवा? तुमच्याकडे स्टेलान आहे ना!"

आता मशीनचं बाजूलाच राहिलं. स्टेलानचा आपल्याला राग आहे का, हे हेल्गे तपासायला बसला. राग होता खरा, पण पूर्वी होता तिथे हात घातला तर सापडेना. कुठेतरी दुसरीकडेच सरकला होता. शेवटी एका सकाळी त्याने घसा साफ केला आणि नंबर फिरवला.

"स्टेलान हीट सर्व्हिस, बोला."

आवाज मायलिसचा होता. फोन ती घेत असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याने आवाज जाड केला. "एका पंपाबद्दल चौकशी करायची होती."

"हेल्गे, सर्दी झालीय का तुला?"

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"खांद्याचं कळलं मला," मायलिस म्हणाली. "बार्ब्रोने सांगितलं. घरात किती डिग्री आहे आत्ता?"

"एकवीस."

"उगाच काहीतरी सांगू नकोस. उत्तरेच्या खोलीत किती आहे?"

"ती खोली बंद असते."

"ती माझी शिवणाची खोली होती. तिथे मी हातमोजे घालून शिवायचे. लिहून घे, म्हणजे नको, मीच लिहिते: उत्तरेची खोली, रेडिएटर तापत नाही."

"हातमोजे?" हेल्गेने विचारलं.

"बोटं कापलेले. नाहीतर सुई कशी धरणार?"

"पण घर तर गरम असायचं."

"तू बॉयलरशेजारून वर यायचास, हेल्गे. तुला गरमच वाटणार. स्टेलान गुरुवारी येईल. चालेल?"

त्याने "चालेल" म्हटलं की नाही, हे त्याला नंतर आठवेना. गुरुवारपर्यंत तो त्या हातमोज्यांचाच विचार करत राहिला. जाण्याआधी मायलिस एकदा म्हणाली होती, "मी या घरात गारठून गेलेय." तेव्हा त्याने खाली जाऊन दोन ओंडके जास्त घातले होते. पुढे गावातल्या लोकांनी त्याला समजावलं, बाईमाणूस असं म्हणतं तेव्हा ते थंडीबद्दल नसतं रे, आणि इतकी वर्षं तोही तसंच धरून चालला होता. आता ते थंडीबद्दलच होतं की काय? की दोन्ही? त्याने ती खोली उघडली, दार लावून आत अर्धा तास बसला आणि खरोखरच गारठला.

स्टेलान आला तो दारातच बूट काढून, हातात टोपी धरून उभा राहिला. त्याचे केस पांढरे झाले होते आणि तो गुडघे न वाकवता चालत होता. "घर बघतो," तो म्हणाला. तो खोल्यांमधून फिरला, भिंती मोजल्या, रेडिएटरांवर हात ठेवला. माळ्याचा जिना कुठल्या दाराआड आहे हे त्याने विचारलं नाही. सरळ तेच दार उघडलं. हेल्गे त्याच्या मागे मागे हिंडत होता आणि आपल्याच घरात आपण पाहुणे आहोत असं त्याला वाटत होतं.

"उत्तरेकडच्या रेडिएटरपर्यंत गरम पाणी पोचतच नाही," स्टेलान म्हणाला. "पाइप शेवटचा आहे. कधीच पोचलं नसणार."

"मला कुणी सांगितलं नाही."

स्टेलानने टेप गुंडाळली. "ती म्हणते, सांगितलं होतं."

"कधी?"

"ते मला कसं माहीत असणार, हेल्गे?"

कॉफीला बसले तेव्हा हेल्गेने तिन्ही कॅटलॉग पुढे ठेवले. स्टेलानने ते उघडलेसुद्धा नाहीत. "तुझ्यासाठी बोअरच. इथल्या थंडीत हवेवरचं मशीन नेमकं गरजेच्या वेळी दमतं, मग नुसत्या विजेवर घर तापवावं लागतं. मशीन मी एकाच कंपनीचं बसवतो. त्याच्याहून भारी आहेत बाजारात. पण त्यांचा एखादा पार्ट गेला तर तो जर्मनीहून यायची वाट बघायची. याचे पार्ट माझ्या गॅरेजमध्ये असतात."

"आणि तू काम बंद केलंस तर?"

"गुडघे चालताहेत तोवर करीन. नंतर ओस्टरसुंडवाल्यांनाही हेच मशीन दुरुस्त करता येतं. म्हणून तर हे."

हेल्गेला हे सगळं पटत होतं आणि त्याचा त्रासही होत होता. ज्या माणसाचं काही खरं मानायचं नाही असं ठरवलं, तोच एकटा सरळ बोलत होता. "मला विचार करू दे," तो म्हणाला.

"कर की. मी काही विकायला आलेलो नाही." मग स्टेलान थोडा घुटमळला. "म्हणजे, विकायलाच आलोय. पण घाई नाही."

ऑगस्टमध्ये बोअरची गाडी आली, अंगणभर राखाडी चिखल झाला. तळघरातला बॉयलर उचलून नेला, तेव्हा हेल्गे मुद्दाम बाहेर गेला. त्या जागी फ्रिजसारखं दिसणारं पांढरं मशीन उभं राहिलं. स्टेलानने उत्तरेच्या खोलीतला पाइपही बदलून दिला. पहिल्या थंडीत त्या खोलीत एकवीस डिग्री झाली. हेल्गे खुर्ची घेऊन तिथे बसला. तिथे करण्यासारखं त्याच्याकडे काहीच नव्हतं, तरी बसला.

फेब्रुवारीत, एका रविवारी दुपारी, मशीन गप्प झालं. पडद्यावर लाल त्रिकोण आला आणि चार शब्द, ज्यांतला एकच हेल्गेला कळला: प्रवाह. बाहेर उणे एकतीस होतं. त्याने एक बटण दाबलं तर भाषा विचारली. दुसरं दाबलं तर तारीख. तो तळघरातून वर आला, स्वयंपाकघरातली जुनी चूल पेटवली, अंगात दोन स्वेटर चढवले. फोन समोर होता. याच प्रसंगासाठी तर हा पंप घेतला होता. पण प्रसंग खरंच आल्यावर हात पुढे होईना. घर अठरावर आलं, मग सोळावर. शेवटी फोन वाजला. बार्ब्रो होती.

"तुझ्या चुलीचा धूर दिसतोय. पंप बंद पडला ना? मी मायलिसला कळवलंय. आता चिडायचं असेल तर चीड."

स्टेलान आला तेव्हा त्याच्या भुवयांवर बर्फ होता. तळघरात मशीनचं झाकण काढून तो जमिनीवर बसला. खाली बसायला त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "हवा अडकलीय," तो म्हणाला. "नव्या बोअरला पहिल्या हिवाळ्यात होतं असं कधीकधी. ही बॅटरी धर, इकडे. अरे, माझ्या डोळ्यांत नको." हेल्गे डाव्या हाताने बॅटरी धरून उभा राहिला. नळीतून खळखळ आवाज आला, स्टेलानने द्रव भरला, पुन्हा हवा सोडली. मशीन आधी कण्हलं, मग गुणगुणायला लागलं. हेल्गेने त्याला हात देऊन उठवलं.

वर एल्कच्या मांसाचा रस्सा होता. स्टेलान जेवला. दोघं खांद्याबद्दल बोलले, गुडघ्यांबद्दल बोलले, टोळीत आता तरुण पोरंच उरलीत आणि ती मोबाइल बघत बसतात, याबद्दल बोलले. मायलिसचं नाव कुणी काढलं नाही. समोर जेवतोय तो कोण, हे हेल्गेला नक्की करता येत नव्हतं. कारागीर म्हणावा तर कारागिराला आपण रस्सा वाढत नाही. पाहुणा म्हणावा, तर पाहुणा अवजारांची पेटी घेऊन येत नाही.

स्टेलानने दारात बूट चढवले. "चल, निघतो."

"येत जा अधूनमधून," हेल्गेच्या तोंडून निघून गेलं.

स्टेलान टोपी कानांवर ओढता ओढता थांबला. "मशीन बिघडल्यावर, की असाच?"

हेल्गेने विचार केला. थंडी उघड्या दारातून आत येत होती आणि दोघंही दार लावायला हलत नव्हते.

"ते मला अजून कळलेलं नाही," तो म्हणाला.

"बरं," स्टेलान म्हणाला. "कळलं की फोन कर."