फूटपट्टीएवढा खडक

हडपसरच्या पुढे, पिकअप गाड्यांच्या एका शोरूमच्या मागे अर्धा एकर मोकळी जागा होती. बद्रीनाथ रोज सकाळी तिथे फावडं घेऊन उतरायचा. गिऱ्हाइकांना गाडीची ताकद दाखवायला तिथे एक चढ, एक चर आणि दोन उंचवटे केले होते. रात्रीतून माती खचलेली असे. ती सारखी करायची, वर पाणी मारायचं, मग अंघोळ करून, शोरूमचा शर्ट घालून स्टिअरिंगवर बसायचं. वणीच्या कोळसा खाणीत बावीस वर्षं डंपर चालवलेल्या माणसाला हा ट्रॅक म्हणजे अंगणच होतं.

त्यातला उजव्या अंगाचा उंचवटा आता गुडघ्याखाली आला होता. गेल्या वर्षी तो चांगला दांडगा होता. पण टॉप मॉडेल आलं आणि त्याचं दाराखालचं पायदान त्यावर घासलं. नव्याकोऱ्या गाडीवर ओरखडा पाहून मॅनेजर केदार म्हणाला होता, "बद्रीभाऊ, डोंगराने गाडीला जागा द्यायची असते. छाटा तो." बद्रीनाथने छाटला. तेव्हापासून बेस, मिड, टॉप, तिन्ही गाड्या त्यावरून अलगद जात.

पावसाळ्यात बद्रीनाथला एका गिऱ्हाइकाचा फोन आला होता. टॉप मॉडेल घेतलेला माणूस. शेतावरच्या वाटेत गाडी अडकून बसली होती. रागावला नव्हता, नुसता गोंधळला होता. "अहो, तुमच्या ट्रॅकवर तर गेली होती."

मंगळवारी दीक्षा गजभिये आली. कोथरूडच्या एका नेत्रतपासणी संस्थेत ती काम करायची, राहायची कर्वेनगरला. गाडी संस्थेला हवी होती. केदारने आधी टॉप मॉडेलचे दिवे लावून दाखवले, मग चामड्याच्या सीट, मग दार उघडल्यावर पायाशी पडणारा उजेड. दीक्षाने सगळं शांतपणे पाहिलं आणि मोबाइल पुढे केला.

"ही यावरून जाईल का?"

फोटोत पायवाटेएवढ्या रस्त्यावर आडवा खडक होता, उजव्या बाजूला फुगलेला. त्याला टेकून कोणीतरी शाळेची फूटपट्टी उभी धरली होती. खडक पट्टीच्या टोकापर्यंत पोचला होता.

"मॅडम, टॉप आहे," केदार म्हणाला. "न जायला काय झालं? बद्रीभाऊ, फिरवून आणा जरा."

ट्रॅकवर गाडी छाटलेल्या उंचवट्यावरून गेली. दीक्षाने खिडकीतून खाली वाकून पाहिलं. "वा. काहीच कळलं नाही."

"कुठली वाट आहे ही?" बद्रीनाथने विचारलं.

"पानशेतच्या वरची एक वाडी. आत्ताची आमची गाडी या खडकाशी थांबते. पुढे दीड किलोमीटर. ज्यांना थोडंफार दिसतं ते चालत येतात खाली. तीन म्हाताऱ्या येतच नाहीत. त्यांना दिसतच नाही, तर येणार कशा? आणि तपासायचं यंत्र डोक्यावरून नेता येत नाही. एकदा आपटलं तर महिनाभर दुरुस्तीला." तिने फोन पर्समध्ये टाकला. "काका, तुम्ही आमच्या विदर्भातले वाटता."

"वणीचा."

"मी उमरेडची. म्हणजे कोळशाचेच की दोघं."

बद्रीनाथ हसला, पण मन त्यात नव्हतं. उद्या संस्थेचे अध्यक्ष येणार होते, आणि गाडी नक्की होणार होती. उतरताना तो म्हणाला, "ताई, तो फोटो मला पाठवा."

बुधवारी तो नेहमीपेक्षा तासभर आधी आला. फावड्याने उजव्या उंचवट्यावर माती चढवली, चोपली, पुन्हा चढवली, वर दगड बसवले. घरून नातवाची फूटपट्टी आणली होती. ती उभी केली, फोटो काढला आणि दीक्षाच्या फोटोशेजारी धरून पाहिला. दोन बोटं कमी होतं. आणखी एक पाटी माती टाकली.

अकरा वाजता अध्यक्ष रावसाहेब आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. टॉप मॉडेलच्या सीटवर बसून त्यांनी पाठ टेकवली आणि म्हणाले, "दीक्षा, शिबिराच्या उद्घाटनाला हीच शोभेल. शिवाय पायदान आहे. म्हाताऱ्या माणसांना चढायला बरं."

हे मात्र खरं होतं.

केदार पुढच्या सीटवर बसला, ते दोघं मागे. उंचवटा समोर आल्यावर बद्रीनाथने गाडी थांबवली. "साहेब, काल हा लहान होता. आज ताईंच्या खडकाएवढा केलाय. टॉप घासेल असं मला वाटतं. नेऊ की नको?"

केदारने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. काही बोलण्याआधीच रावसाहेब म्हणाले, "न्या ना. त्यासाठीच आलोय."

उजवं चाक चढलं. गाडी तिरकी झाली. मग खालून असा आवाज आला की दीक्षाने दात आवळले. पायदान दगडावर टेकलं होतं. उजवं मागचं चाक हवेत गरगर फिरू लागलं आणि गाडी जागची हलेना.

"केदारराव," रावसाहेब म्हणाले, "हा आवाज तुमच्या माहितीपत्रकात नाही."

"पायदान काढून देऊ, सर. अर्ध्या तासाचं काम आहे."

"काढता येईल," बद्रीनाथ म्हणाला. "पण चाक हवेत गेलं की सगळी ताकद त्या रिकाम्या चाकालाच जाते. मिडला मागे लॉक आहे. तो लावला की दोन्ही चाकं एकत्रच फिरतात, एक हवेत असलं तरी दुसरं ढकलतं. टॉपला तो दिलेला नाही. टायरही टॉपचे पातळ आहेत. डांबरी रस्त्यावर झकास, दगडावर नाही."

मग दोर लावून टॉप मागे ओढून काढली आणि त्याने मिड आणली. साध्या कापडी सीट, पायदान नाही. जड गिअर टाकला, लॉक लावला. गाडी तशीच तिरकी झाली, तसंच चाक उचललं गेलं. क्षणभर थांबली आणि सावकाश पलीकडे उतरली. परत वळवून त्याने ती दुसऱ्यांदा नेली. या वेळी दीक्षा खाली उतरून उंचवट्याच्या बाजूला बसून बघत होती.

"जाते," ती उठून म्हणाली. "सर, हीच. पण चढायचं कसं?" तिने स्वतः चढून पाहिलं. साडी गुडघ्यापर्यंत ओढावी लागली.

बद्रीनाथ ट्रॅकच्या कोपऱ्यात गेला आणि तो दुपारी डबा खायला बसायचा ते लाकडी स्टूल घेऊन आला. दारापाशी ठेवलं. रावसाहेब त्यावर पाय ठेवून चढले, उतरले, पुन्हा चढले.

"हे स्टूल गाडीबरोबर येतं का?"

"तुमचंच," केदार कोरडेपणाने म्हणाला. "कंपनीतर्फे."

ते गेल्यावर केदार ट्रॅकवर आला. टॉप मॉडेलच्या पायदानावर पांढरा ओरखडा होता, हातभर लांब. त्याने त्यावरून अंगठा फिरवला.

"सांगायचं तरी होतं सकाळी."

"सांगितलं असतं तर तुम्ही छाटायला लावला असता."

"लावला असता," केदार म्हणाला. त्याने बुटाने उंचवट्यावरचा एक दगड हलवून पाहिला. "उद्या दहाला एक जण येतोय. टॉपच बघायची आहे त्याला."

बद्रीनाथने फावडं उचललं. मातीत घातलं. पण पहिली पाटी भरेना. त्याला पावसाळ्यातला तो गोंधळलेला आवाज आठवत होता.

केदारने खिशातून चिठ्ठी काढून त्याच्यापुढे धरली. तिच्यावर उद्याच्या गिऱ्हाइकाचा नंबर होता. "आधी विचारा त्याला, गाडी न्यायची कुठे आहे. मॉलपर्यंतच नेणार असेल, तर माझा छोटा उंचवटा मला परत करा."

"आणि डोंगरात नेणार असेल तर?"

"तर मिड धुऊन ठेवा," केदार म्हणाला आणि शोरूमकडे चालू लागला.

बद्रीनाथने फावडं मातीत उभं रोवलं, शर्टाला हात पुसले आणि नंबर लावला. समोरून कोणी उचलायच्या आत त्याने सवयीने बसायला मागे पाहिलं. स्टूल नव्हतं. मग तो त्या उंचवट्यावरच बसला.