दर्शनाची फेरी वगळून

मित्रांनो, मी एक जुना देव आहे. फार जुना म्हणता येणार नाही. परवापरवापर्यंत मी दगडच होतो.

मंठाळजवळच्या एका तळ्याच्या काठावर माझा जन्म गेला. लोकर कातरण्याआधी आमच्याकडे मेंढ्या तळ्यात धुतात. मी होतो तिथे काठाला सोपा उतार होता, मेंढ्या न बिचकता पाण्यात शिरत. मेंढपाळ बिराप्पा माझ्यावर बसून एकेक मेंढी चोळायचा. धुतलेली लोकर घोंगडीवाले हातोहात नेत, मळक्या लोकरीकडे बघत नसत. थोडक्यात, बिराप्पाचे घर त्या उतारावर चाले. माझे कौतुक कुणी केले नाही, पण बसायला मी बरा होतो.

२००८ साली अमृतप्पाने पिठाची गिरणी विकून हैदराबादहून जुनी मोटारनाव आणली. रविवारी तिकडची नोकरदार पोरे येत आणि नावेमागे फळीवर उभी राहून लाटेवर घसरत. लाट मोठी उठावी म्हणून अमृतप्पा नावेच्या मागच्या टोकाला वाळूची पोती ठेवी. पोरे घसरून घरी जात. लाट मात्र काठापर्यंत येऊन माती घेऊन जाई. वर्षभरात उताराची उभी दरड झाली. मेंढ्या कडेशी येत, खाली बघत आणि मागे फिरत. मला काही वाटले नाही. दगडाचे तेवढे बरे असते.

"अण्णा, नाव मधून चालव की. तुझी लाट काठ खायलीय," बिराप्पा म्हणाला.

"पाणी हाय म्हटल्यावर हलणारच. मी काय इस्त्री करू व्हय त्याला?"

बिराप्पाच्या अर्जावरून बीदरहून सरकारी साहेब आले. मोटारनाव काठाजवळ आणू नये असा नियम करून, तसा फलक काठावर लावून गेले. फलक दाखवायला अमृतप्पा गिऱ्हाइकांना काठाजवळ आणू लागला.

मग बिराप्पाने डोके चालवले. एका सकाळी त्याने मला भंडारा फासला, नारळ फोडला आणि गावात सांगितले, तळ्यावर बिरोबा प्रकटलाय, त्याला मोटारीचा आवाज खपत न्हाई.

"देवाला तरी भेतंय का बघू," तो बायकोला, तानुबाईला म्हणाला.

"आदी तुमी भ्या," ती म्हणाली.

अमृतप्पा खरेच भ्याला. आठवडाभर नाव बंद ठेवली. मग नारळ घेऊन आला, माझ्या पाया पडला आणि त्याच रविवारी 'बिरोबा दर्शन' फेरी सुरू केली. नाव पोत्यांसकट थेट माझ्या पायथ्याशी येऊन थांबू लागली.

बिराप्पा तानुबाईला घेऊन बीदरला धावला. साहेबांनी नियमात दुरुस्ती करून ठेवली होती: काठाजवळ नाव नको, दर्शनाची फेरी वगळून.

"लोकांच्या भावनेचा प्रश्न आहे," साहेब म्हणाले. "देव तुमचाच ना?"

बिराप्पाने तोंड उघडले. दगड हाय, साहेब, एवढेच म्हणायचे होते. पण शेजारी तानुबाई हात जोडून उभी होती. लेकीच्या बाळंतपणाचा नवस ती माझ्यापुढेच बोलली होती, आणि नातू झाला होता.

"व्हय," तो म्हणाला. "आमचाच."

पुढच्या पावसाळ्यात दरड कोसळली आणि मी पाण्यात उतरलो. भंडारा पहिल्याच लाटेने धुतला. बिराप्पाने मेंढ्या विकल्या. नवराबायको आता गुलबर्ग्याला डाळीच्या गिरणीत कामाला आहेत.

मित्रांनो, काठाला जपा. उतार तयार व्हायला फार काळ लागतो आणि तो कुणी बांधून देत नाही. नाव चालवायचीच तर मधून चालवा, हळू चालवा. आणि दगडाला देव करण्याआधी, लाट कुठून येते तेवढे बघून घ्या.

दर्शनाची फेरी बंद पडली आहे. अमृतप्पा नाव मला बांधतो.