ठसका

१९६८च्या उन्हाळ्यात धुळ्याला आमच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड भर दुपारी नाहीसे होऊ लागले. पाखरांनी टोचलेलं दिसेना, माकडांचा माग नाही. वर जायला जिना एकच, आणि त्याच्या पायथ्याशी पापड लाटायला येणारी कमल बसलेली असायची. घरातले म्हणू लागले, तिला काढून टाका.

"मी नही लिधात वं माय," कमल रडायची.

माझ्या सासूबाई, लाडकुंवर, उगाच कुणाला चोर ठरवणाऱ्या नव्हत्या. "चोर तोंडानंच खातो ना? मग तोंडच सांगेल," म्हणाल्या, आणि पिठात चौपट मिरची घातली. दुपारी आम्ही तिघी जिन्याच्या सावलीत लपून बसलो.

ऊन डोक्यावर आलं आणि निरभ्र आभाळ मधोमध पापणीसारखं उघडलं. आत काळोख होता, तारे होते. ताऱ्यांमागे काहीतरी हललं, इतकं मोठं की मला माझं नावही आठवेना. पापडांची एक रांग अलगद वर गेली.

मग आभाळाला ठसका लागला. पांझरेच्या पात्रातली वाळू उडून आमच्या गच्चीवर आली.

सासूबाईंनी केसांतली वाळू झटकली. "कमल, चोर सापडला. उद्या वेळेवर ये." मग वर बघून मला, सुनेला, म्हणाल्या, "बीनणी, गुळाचा खडा आण गं. बिचाऱ्याला फार तिखट लागलं."

गूळ वर गेला आणि आभाळ मिटलं.

कमल म्हातारी होईपर्यंत आमच्याकडेच लाटत राहिली. पहिली रांग मात्र आम्ही अजूनही बिनमिरचीची घालतो.