लाल कार्डाची पाळी

"आता कार्डं दाखवा," गणिताच्या बाई असिलकान एजे म्हणाल्या आणि सहावीच्या वर्गात हिरवी कार्डं सपासप वर गेली. समजलं तर हिरवं, नाही समजलं तर लाल. लाल तीनच होती. एजेंनी त्या तिघींना अपूर्णांकांचा भागाकार पुन्हा समजावला, पुन्हा विचारलं, आणि तिन्ही लाल कार्डांच्या जागी हिरवी आली.

मागच्या बाकावर उमसुनाईचा जीव भांड्यात पडला. किरगिझस्तानातल्या नारिनकडच्या गणिताच्या शिक्षकांना ती गावोगाव हेच शिकवत हिंडत होती, की परीक्षेची वाट बघू नका, शिकवता शिकवताच पोरांना काय कळलं ते तपासत राहा. हे काम पुढच्या वर्षी चालू ठेवायचं की गुंडाळायचं, ते तिच्या शेजारी बसलेल्या राजधानीच्या बाई ठरवणार होत्या. त्यात फळ्यापाशी उभ्या असलेल्या एजे म्हणजे उमसुनाईला लहानपणी शाळेत शिकवलेल्या बाई.

राजधानीच्या बाई खूश दिसत होत्या. "त्या तिघींतल्या पुढच्या मुलीला विचारा ना, कुठे अडलं होतं," त्या रशियनमध्ये म्हणाल्या. त्यांना किरगिझ येत नव्हतं.

उमसुनाई मुलीजवळ वाकली. "बाळ, तुला आधी काय कळलं नव्हतं गं?"

मुलीने आधी एजेंकडे पाहिलं. "मला सगळं येतं. आज लालची पाळी माझी आहे. तालमीत ऐझादाला दिलेलं, पण ती रडायला लागली."

पाहुणे येणार म्हटलं की आमच्याकडे धड्याची तालीम होतेच. पाहुण्यांपुढे कच्चं वाढायचं नाही, इतका साधा हिशेब, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण न समजण्याचीही तालीम होईल, हे उमसुनाईच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"काय म्हणते?" बाईंनी विचारलं.

"भागाकारात गोंधळ होत होता म्हणते," उमसुनाई बोलून गेली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

शिक्षकांच्या खोलीत चहा आणि कणकेचे तळलेले गरम बोर्सोक मांडले होते. बाई खाता खाता कौतुक करत होत्या. उमसुनाईने हातातला बोर्सोक बशीत तसाच ठेवला. ती उठून वर्गात परत आली. एजे एकट्याच फळा पुसत होत्या.

"एजे, न कळण्याचंही नाटक बसवलंत?"

"मग काय पाहुण्यांपुढे तुझी फजिती करू?" एजेंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "तू सांगितलंस तसं आधी खरंच विचारलं होतं गं. सगळा वर्ग लाल."

"सगळा?"

"चोलपोनसुद्धा. वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी माझी! परत समजावलं, परत लाल. मला समजावायची एकच रीत येते, उमसुनाई. विचारायचं कसं ते तू शिकवलंस. सगळीच पोरं नाही म्हणाली तर पुढं काय करायचं, ते कुठं शिकवलंस?"

शिक्षकांच्या प्रशिक्षणात हे उमसुनाईला कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी तिने "समजलं ना सगळ्यांना?" म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या आणि ती समाधानाने घरी गेली होती.

"त्या दिवशी घरी गेले ती पडूनच राहिले," एजे म्हणाल्या. "इतकी वर्षं मी कुणाला शिकवत होते गं?"

बाहेर राजधानीच्या बाईंच्या गाडीचा भोंगा वाजला. उमसुनाईने खिडकीतून हाताने खूण केली, तुम्ही व्हा पुढे. मग ती पहिल्या बाकावर, पोरांच्या त्या अरुंद जागेत, कशीबशी बसली.

"मला शिकवा, एजे. मी सहावीत आहे असं समजा."

एजेंनी खडू उचलला. "दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं."

"उलटा का करायचा?"

"उलटा केला की उत्तर येतं म्हणून." एजेंनी गणित संथपणे, सुवाच्य अक्षरात सोडवलं आणि उत्तराखाली रेघ ओढली. मग त्या वळल्या. डोळे भरलेले होते आणि आवाज उमसुनाईने कधी ऐकला नव्हता इतका घाबरलेला होता. "कळलं?"

नाही कळलं, असंच म्हणायचं होतं. त्याच्यासाठीच तर ती बसली होती, शब्द अगदी ओठांवर आले होते. पण त्याआधीच उमसुनाईची मान होकारार्थी हलून गेली होती.