बिनखारट मीठ

कप्पा रिकामा होता. जावयाने वाकून हात कोपरापर्यंत आत घातला, मागचा पत्रा चाचपला, मग गुडघे टेकून खालच्या कप्प्यातही डोकावून पाहिलं. तिथे मेणबत्त्या होत्या, भांड्यांची पावडर होती, कुणीतरी ऐन वेळी मन बदलून ठेवून दिलेला एक टूथब्रश होता. कॉफी नव्हती.

“शोधू नका काका,” काउंटरवरच्या बाईंनी बसल्या जागेवरून सांगितलं. “दुकानची कॉफी बंद झाली.”

“बंद म्हणजे? उद्या येईल ना?”

“बंद म्हणजे बंद. वरूनच ठरलंय. तिच्या जागी दुकानची बिस्किटं येणारेत. चांगली आहेत. देऊ?”

बिस्किटं! इथे माणसाच्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि ही बाई बिस्किटं विकत होती.

हा माणूस लिफ्ट दुरुस्त करायचा. पण बिल्डिंगमध्ये त्याला सगळे, अगदी वॉचमनसुद्धा, ‘जावई’च म्हणत. कारण त्याच्या घरात सासूबाई राहत, आणि सासूबाईंपुढे दुसरी कुठलीही ओळख टिकणं शक्य नव्हतं. त्या मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या. निवृत्त होऊन मुलीकडे आल्या, तरी त्या खोलीत शिरल्या की बसलेला माणूस आपोआप उठून चादर सरळ करायचा.

जावयाचा दुसरा देव म्हणजे हे सवलतीचं दुकान. तिथला दुकानच्याच नावाचा माल त्याला जीव की प्राण. पांढरं पाकीट, त्यावर निळी पट्टी, पट्टीवर फक्त वस्तूचं नाव. मीठ. साखर. साबण. बास. हसणारी बाई नाही, धावणारी मुलं नाहीत. “आपण मीठ खातो, जाहिरात खात नाही,” हे वाक्य त्याने घरात इतक्या वेळा ऐकवलं होतं की त्याने ‘आपण’ म्हणताच बायको पुढचं म्हणून टाकायची.

सासूबाई येताना एकच चैन घेऊन आल्या होत्या. घोडेस्वाराच्या चित्राचा सोनेरी डबा. आतली कॉफी त्या म्हणे पहिल्या पगारापासून पीत आलेल्या. तो डबा संपला तेव्हा जावई नवा आणायला गेला आणि किंमत पाहून त्याचे डोळे पांढरे झाले. एवढ्यात लिफ्टचा दोर येतो! त्याने गुपचूप पांढऱ्या पाकिटातली कॉफी घेतली, घरी येऊन ती घोडेस्वाराच्या रिकाम्या डब्यात भरली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रे घेऊन सासूबाईंपुढे उभा राहिला. पाचावर धारण बसली होती. सासूबाईंनी एक घोट घेतला, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, “जमली.”

आता हा शब्द तुम्हाला साधा वाटेल. पण या बाईंनी लग्न ठरताना जावयाबद्दल एवढंच म्हटलं होतं की, उंची ठीक आहे. त्यानंतर इतकी वर्षं गेली, त्याने त्यांचा पंखा दुरुस्त केला, नळ दुरुस्त केला, कपाटाच्या दाराचं कुरकुरणं बंद केलं. त्या फक्त “हं” म्हणत. कौतुकाचा पहिला शब्द त्याला मिळाला तो या कॉफीमुळे. तेव्हापासून रोज सकाळी कॉफी तोच करायचा, ट्रे घेऊन उभा राहायचा, आणि “जमली” ऐकल्यावरच कामाला जायचा. स्वतः तो चहावाला. त्या कॉफीचा एक थेंब कधी त्याच्या जिभेवर गेला नव्हता. त्याला गोडी होती ती त्या शब्दाची, आणि आता तो शब्दच दुकानातून बंद झाला होता.

पडलेल्या चेहऱ्याने तो बाहेर निघाला, तोच दाराजवळच्या टोपलीत त्याला तो दिसला. फाटक्या पाकिटांच्या, वाकड्या ट्यूबच्या गर्दीत घोडेस्वाराचा खराखुरा डबा. घोड्याच्या पोटावर चांगला मोठा पोचा पडलेला, आणि म्हणून निम्म्या किमतीत. जावयाने तो छातीशी धरला. इतकी वर्षं नकली पाजली, आता एकदा अस्सल पाजू. ‘जमली’च्या जागी कदाचित ‘छान जमली’ मिळेल. लोभ म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी घोट घेतला. मग टेबलावरच्या डब्याकडे पाहिलं. मग पुन्हा एक घोट घेतला.

“ही काय कॉफी आहे?”

“का हो आई?”

“चव नाही, वास नाही. नुसतं गरम पाणी. डब्याला हा पोचा कसला? जावईबापू, हा माल नकली आहे.”

जावयाला हसावं की रडावं कळेना. नकली पाजली तेव्हा चालली आणि आता अस्सल आणली तर नकली ठरली! एकीकडे त्याची छाती फुगलीसुद्धा. म्हणजे आपलं पांढरं पाकीट त्या घोड्याच्या तोंडात मारणारं होतं तर. पण हे सांगणार कुणाला?

“त्या दुकानातलं सगळंच तसलं,” स्वयंपाकघरातून बायकोने संधी साधली. “आई कधीची सांगतेय, मीठ खारट नाही म्हणून. अंड्यावर डबी उपडी करते बिचारी. साबणाला वास नाही म्हणते. पण तुम्हाला आपलं स्वस्त मिळालं की झालं.”

“मिठात काय स्वस्त आणि महाग? मीठ ते मीठ. आपण मीठ खातो...”

“जाहिरात खात नाही. माहितीये.”

“वाद नको,” सासूबाई उठल्या. “जावईबापू, बूट घाला. आपण दुकानात चाललोय.”

जावई बुटाची नाडी बांधत बसला. दुकानात त्याला सगळे ओळखत होते. पांढऱ्या पाकिटाचा पुजारी म्हणूनच ओळखत होते. कुणी एक शब्द बोललं तरी संपलं. कॉफी गेली, शब्द गेला, आणि वर सासूबाईंना फसवलं म्हणून उरलेलं आयुष्य घरात चोरासारखं काढायचं.

दुकानात सासूबाई थेट काउंटरपाशी गेल्या आणि डबा आपटला. मॅनेजर धावत आला. पोरसवदा, गळ्यात टाय.

“काय झालं मावशी?”

“मावशी नाही. मेट्रन. हा डबा नकली आहे.”

मॅनेजरने झाकण उघडून हुंगलं. “छान वास येतोय की. कंपनीचाच आहे हा.”

“मला शिकवू नका. माझे जावई इतकी वर्षं दर महिन्याला इथूनच हाच डबा नेतात. कधी तक्रार केली नाही मी. विचारा या बाईंना.”

काउंटरवरच्या बाईंनी मान वर केली. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि मग सासूबाईंच्या खांद्यामागे उभ्या असलेल्या जावयाकडे पाहिलं. जावयाने दोन्ही हात जोडले होते. कपाळावर घाम होता. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यावर आतली माणसं जशी बघतात, तसा तो बघत होता.

“हो तर,” बाई म्हणाल्या. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. “हाच नेतात. सोनेरी. दर महिन्याला, न चुकता. आम्ही म्हणतोसुद्धा, काकांचा हात सढळ आहे.”

मॅनेजरला ठसका लागला. पण मेट्रनशी वाद घालण्याइतकी उमेद त्याच्यात नव्हती. त्याने मुकाट्याने बिनपोच्याचा नवा डबा आणून दिला. सासूबाई विजयी मुद्रेने दाराकडे वळल्या, तसं बाईंनी जावयाला बोटाने जवळ बोलावलं आणि काउंटरखालून कागदी पिशवी सरकवली.

“गोडाऊनच्या कोपऱ्यात सापडली तुमची पाकिटं. शेवटची आहेत. आणि मला खोटं बोलायला लावलंत ना? मग आता बिस्किटं घ्या. दोन पुडे.”

त्याने तीन घेतले.

पुढची सकाळ म्हणजे जावयाच्या लेखी निकालाचा दिवस. रात्रीच त्याने नव्या डब्यातली अस्सल कॉफी एका बरणीत काढून ठेवली होती आणि डब्यात पांढऱ्या पाकिटातली भरली होती. तेच पाकीट, तोच चमचा, तेवढंच दूध. बायको बाजारात गेलेली. तो ट्रे घेऊन निर्धास्त उभा राहिला.

सासूबाईंनी घोट घेतला. तोंडात जरा घोळवला. डब्याकडे पाहिलं. तो गुळगुळीत होता, कुठे पोचा नाही, काही नाही.

“जमली ना आई?”

कप खाली ठेवून त्यांनी उकडलेल्या अंड्याची बशी ओढली आणि मिठाची डबी हलवायला लागल्या. हलवतच राहिल्या. अंडं पांढरंच असतं, त्यामुळे मीठ पटकन दिसत नाही. पण बशीत ढीग साचला तेव्हा जावयाला दिसलं. त्याने आजवर सासूबाईंच्या ताटाला हात लावायची हिंमत केली नव्हती. आज केली. अंड्याचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“आई,” पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, “मीठ खारट आहे.”

“दार लोटा,” सासूबाई म्हणाल्या.

त्याने दार लोटलं.

“मागच्या पावसाळ्यात ताप आला होता ना, तेव्हा गेली चव. वासही गेला. मी एकटीच जाऊन डॉक्टरांना दाखवून आले. येते कधी कधी परत, म्हणाले. माझ्या वयात बहुधा येत नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. मला माहितीये.”

“मग एवढे दिवस ‘जमली’ म्हणत होता ते?”

“तुम्ही ट्रे घेऊन उभे असता. म्हटल्याशिवाय हलत नाही. कामाला उशीर झाला असता तुम्हाला.”

जावई खुर्चीत बसला. सासूबाईंसमोर तो पहिल्यांदाच न विचारता बसत होता, आणि दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

“मग दुकानात कशाला भांडलात आई?”

“डब्याला पोचा दिसला.” त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. “वाटलं, माल खराब असेल. मिठाचंही तसंच. खोट मिठात आहे म्हटलं की माझ्यात नाही. नवा डबा मिळाला तेव्हा रात्रभर वाटत होतं, उद्या लागेल चव. वेडी आशा हो. मी किती पेशंटना रागावले असेन अशा आशेवरून.” चष्मा परत चढवला. “मुलीला सांगू नका. ती मला पथ्याचं खायला घालेल आणि हळूहळू बोलायला लागेल. मला हळू बोललेलं चालत नाही.”

जावयाने खुर्ची पुढे ओढली. ही आपली मेट्रन. या बाईला आपण इतकी वर्षं... त्याला राहवेना.

“आई, मलाही एक सांगायचंय. त्या डब्यात आहे ना, ती कॉफी...”

“डब्याचं राहू द्या. मला सांगा, कशी झालीये?”

“मी चहा पितो.”

“प्या.”

त्याने कप उचलला. घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “कडू आहे.”

“ते मलाही ठाऊक आहे. नीट सांगा. मशिनबद्दल सांगता ना मुलीला, जेवताना, कुणी विचारलेलं नसतं तरी? तसं.”

त्याने पुन्हा घोट घेतला. डोळे मिटले. “सुरुवातीला... काही नाही. मोटर चालू झाल्याचं कळतं, पण हलत नाही. मग एकदम वर चढते. कडू. टाळूपर्यंत. तिथे जरा थांबते. मग दूध येतं, ते तिला हळूच खाली आणतं. धक्का बसत नाही. शेवटी गोड होतं. थोडंच.”

“भाजल्याचा वास?”

त्याने हुंगलं. “आहे. पाऊस नसताना रस्त्यावर डांबर टाकतात ना, तसा. पण चांगला.”

सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. “मग जमली,” त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून सकाळी दोन कप व्हायला लागले. बायकोला वाटलं, नवरा म्हातारपणी सुधारला. ती मिठावरून अजून बोलते. “तुमच्या त्या दुकानच्या मिठात दमच नाही. आईने आज पुन्हा अर्धी डबी संपवली.” हल्ली तो वाद घालत नाही. “बघतो, दुसरं आणतो,” म्हणतो. जाहिरातीचं वाक्यही त्याने सोडून दिलं आहे. त्याने मीठ बदललेलं मात्र नाही. मीठ चांगलं आहे.

पांढरी पाकिटं संपत आली, तेव्हा त्याला एक दिवस बरणीतली अस्सल कॉफी आठवली. दोघांसाठी केली. घोट घेऊन तो सांगायला लागला आणि मध्येच थांबला.

“काय झालं?” सासूबाईंनी विचारलं.

“आज ही वर जाऊन थांबतच नाही हो. जातेच आहे.”

“घोडेस्वाराची तशीच असते,” सासूबाई म्हणाल्या. “मला वाटलं होतं, तुम्हाला कधी कळणारच नाही.”

म्हणजे नेमकं काय, हे विचारायचं धाडस त्याचं झालं नाही.

बरणी संपली त्या संध्याकाळी तो दुकानात गेला. दाराजवळच्या टोपलीपाशी थांबला नाही. वरच्या कप्प्यातून सोनेरी डबा काढला आणि काउंटरवर ठेवला. बाईंनी डब्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“काका, यावर सूट नाहीये.”

“माहितीये.”

“चुकून घेतलात का?”

“नाही.”

“तुमच्या मेट्रनबाईंना फरक कळतो वाटतं एवढा?”

“त्यांना नाही,” जावई म्हणाला. “मला कळतो.”

त्याने पूर्ण पैसे मोजले, आणि डबा उजेडात धरून सगळ्या बाजूंनी बोट फिरवून पाहिलं, कुठे पोचा नाही ना.