हमाली शून्य

नफा बघून पैसा घालणारा माणूस म्हणजे शालू बघून नवरी पसंत करणारा. माझा धाकटा भाऊ शिवतेज त्यातलाच. सतरा वर्षं फौजेत काढून आला, निवृत्तीचे बावीस लाख हातात पडले आणि गडी निघाला सांगलीच्या हळद व्यापाऱ्याचा भागीदार व्हायला. हुरळली मेंढी अन् लागली लांडग्याच्या पाठी.

मी राजेश्वरी, आष्ट्याची. एका साखर कारखान्यात मालाचा उत्पादनखर्च काढायच्या खात्यात चोवीस वर्षं घासली. त्यामुळं शिवतेजनं व्यापारी मानसिंगरावांचे तीन वर्षांचे कागद माझ्यापुढं आणून टाकले.

"आक्का, नफा बघ की. लय भारी हाय."

"नफा शेवटी बघायचा असतो रं. आधी विकलेला माल केवढ्याला पडला ते बघ."

मी त्याला समजावलं. वर्षाच्या सुरुवातीला असलेला साठा घ्यायचा, त्यात वर्षभराची खरेदी मिळवायची, मालाला लागलेल्या हातांची मजुरी मिळवायची आणि वर्षाअखेर उरलेला साठा वजा करायचा. राहिली ती विकलेल्या मालाची किंमत. ती कमी दाखवली की नफा आपोआप फुगतो. लबाडी करायची तर माणूस तिथंच करतो.

सांगलीच्या पेठेतल्या बाकीच्यांना शंभर रुपयांच्या विक्रीमागं माल त्र्याण्णवला पडतो. मानसिंगरावांना नव्वदला पडत होता. तीन रुपये कुठं गेले म्हणून मी सकाळपासून कागद उपसले. खरेदीचा दर बरोबर, साठा बरोबर, वाहतूक बरोबर. मग हमालीची ओळ बघितली. शून्य. तीन वर्षं शून्य.

"हळद काय पाय फुटून ट्रकात बसती व्हय?" मी विचारलं. "उतरायची, भरायची, काढायची, निवडायची, ते कोण करतं?"

शिवतेजनं मान खाली घातली. "आता मी बघणार हाय. काल करारावर सही केलीया."

मला असा राग आला की विचारू नका. कागद मला दाखवायच्या आधीच पठ्ठ्यानं सही ठोकली होती. पैसे तेवढे द्यायचे राहिले होते. करारात चक्क लिहिलं होतं: शिवतेज हा कष्टाचा भागीदार, हळद साठवायच्या पेवाचं सगळं काम करणार, मजुरी घेणार नाही, वर्षाअखेर नफ्यात वाटा. ही जागा आधी धुळा नावाच्या माणसाची होती. तीन वर्षांमागं तो वारला, म्हणून रिकामी.

"पैसे देऊ नकोस," मी म्हटलं. "ती हमाली कोण करतं ते मला डोळ्यानं बघायचंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला आम्ही हरिपूरला पोचलो. ऊन रणरणत होतं. मानसिंगरावांचं पेव रानाच्या कडेला होतं. पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं कोठार, तोंड एका माणसापुरतं आणि आत वीस हात खोल पोट. आता फार कुणी वापरत नाही. बंद पेव उघडलं की दोन दिवस तसंच ठेवतात, मग कंदील सोडून बघतात. कंदील विझला तर आत हवा वाईट, माणूस उतरायचा नाही. उतरला तरी वरचा माणूस दर पोत्याला त्याचं नाव घेतो आणि खालून "हाय" अशी ओ येते. ओ आली नाही की दोर ओढायचा.

मानसिंगराव खुर्ची टाकून बसले होते. साठीचे, सुकलेले, बोलायला मऊ. पेवाच्या तोंडापाशी एक बाई हळद निवडत होती. "ही लीलाबाई," ते म्हणाले, "धुळाची मंडळी."

"हमाली कुठाय मानसिंगराव?" मी सरळ विचारलं.

"बसा ताई. बघा."

त्यांनी दोर आत सोडला आणि वाकून हाक मारली. "धुळा."

"हाय," खालून आवाज आला.

कप्पी कुरकुरली. दोर कुणी ओढला नाही. भरलेलं, तोंड शिवलेलं पोतं वर आलं आणि कडेला बसलं. शिवलेला दोरा ओला होता. लीलाबाईनं मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले होते. खोटं कशाला सांगू, मी घाबरले.

"घाई हुती," मानसिंगराव जमिनीकडं बघत म्हणाले. "पाऊस येईल म्हणून मी कंदील सोडू दिला न्हाई. त्यो आत गेला त्यो गेलाच. मढं काढलं, जाळलं. आठ दिसांनी मी नुसतं नाव घेतलं, तर ओ आली. तवापास्नं चालूच हाय."

"शिवतेज," मी ओरडले, "चल इथनं."

"हाय."

आवाज शिवतेजचाच होता. पण तो माझ्या शेजारी उभा होता आणि त्याचं तोंड मिटलेलं होतं. ओ पेवातनं आली होती.

दोर हलला. आणखी एक पोतं वर यायला लागलं. शिवतेज पांढराफटक पडला. "आक्का," तो हळू बोलला, "सही केल्यापास्नं माझा खांदा मोडून आलाय. मला वाटलं झोप लागली न्हाई म्हणून."

मी पिशवीतला करार काढून फाडला. पोतं येतच राहिलं. तेव्हा माझं कारखान्यातलं डोकं चाललं, घाबरलेलं असलं तरी. आमच्या खात्यात एक साधी गोष्ट होती: ज्याची मजुरी खर्चात धरली, त्याचं ते काम संपलं. धरली नाही, तोवर ते काम हिशोबात उघडंच.

"मानसिंगराव, एका पोत्याची हमाली किती?"

"साठ."

"द्या माझ्या भावाच्या हातात. आणि वहीत लिहा."

त्यांनी निमूट साठ रुपये काढले. शिवतेजनं हात पुढं केला, नोटा घेतल्या. मानसिंगरावांनी वहीत आकडा लिहिला. मी पेवात वाकून भावाचं नाव घेतलं.

खालून काही आलं नाही. दुसऱ्यांदा घेतलं, तरी नाही. शिवतेजनं खांदा फिरवून बघितला आणि मटकन खाली बसला.

मग मी मानसिंगरावांवर घसरले. "एवढं सोपं होतं तर या बाईचे पैसे तीन वर्षं का दाबले?"

"दाबले न्हाईत ताई. घेत न्हाई ती. मी धा येळा पुढं केले."

लीलाबाई पहिल्यांदा बोलली. "पैसं घेतलं की त्यो गप हुईल. रोज आवाज तरी ऐकाय मिळतो."

मी मानसिंगरावांना सोडून तिच्याकडं वळले.

लीलाबाई शिवतेजजवळ आली. त्याच्यासमोर उकिडवी बसली. "दादा, तुमी दोन दीस आत हुतासा. खालचं मला कोण सांगणार? तितं कसं वाटतं वं?"

शिवतेज माझ्याकडं बघायला लागला. मी मान हलवली. खोटं सांग, असं मला म्हणायचं होतं. पण त्याला खोटं कधी जमलंच नाही.

"दम लागतो वैनी," तो म्हणाला. "हवा न्हाई. बसाय गेलं की वरनं हाक येती."

ती उठली, पदराला हात पुसले आणि मानसिंगरावांपुढं पसरले. मानसिंगरावांनी तीन वर्षांची पोती मोजली, हिशोब केला, घरातनं पैसे आणले. वहीत त्यांनी आकडा लिहिला, तेव्हा तिथं नफा म्हणावा असं फारसं उरलं नव्हतं.

लीलाबाई पेवाच्या तोंडाशी गेली. आमच्याकडं तिच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. ती वाकली आणि तिनं घेतलं.

"धुळा."

खालून ओ आली नाही. मग तिनं पैसे कनवटीला खोचले आणि कंदील मागितला.

मानसिंगरावांनी पेटवून दिला. तिनं तो दोराला बांधून आत सोडला, तळापर्यंत. तो जळत राहिला.