रंग न आलेले खळगे

आमचे भाऊजी हुशार आहेत, नाही कोण म्हणतंय? पण दुसऱ्याला विचारायचं म्हटलं की त्यांना कमीपणा वाटतो, आणि तिथेच माझं डोकं फिरतं.

आम्ही दोघं एकाच प्रयोगशाळेत. खाण्याच्या पदार्थांत ते एरंडीचं विष शोधतात, मी धोतऱ्याचं, ज्यानं माणसाला नसलेलं दिसायला लागतं. दोन्हीकडे काम विषाला चिकटणाऱ्या अँटिबॉडींचंच, पण एकमेकांच्या उलट. त्यांच्या ताटलीत विष असलं की रंग येतो. माझ्या ताटलीत विष असलं की रंग येतच नाही.

घरचं पीठ कडवट लागतंय असं सासूबाई म्हणाल्या, म्हणून वाटीभर पीठ मी कामावर घेऊन आले. "माझा निरोप येईपर्यंत त्या पिठाला हात लावू नका," असं बजावलं होतं. घरात त्या आणि माझी लहानगी लेक चिमी, दोघीच.

मी रंगाचं द्रावण घातलं आणि नेमकं साहेबांनी बैठकीला बोलावलं. "भाऊजी, वेळ झाली की आम्ल घालून रंग थांबवा, बाकी मी बघते," असं सांगून गेले. साहेबांना बोलायला सुरुवात करता येते, संपवता येत नाही. त्यात फोन बाहेर ठेवायचा नियम.

परत आले तर भाऊजी खुशीत.

"वहिनी, पीठ एकदम स्वच्छ! रंगाचा टिपूस नाही. आईला तेव्हाच कळवून टाकलं."

मी खळग्याखळग्यांची ताटली उजेडात धरली. तुलनेसाठी घेतलेल्या चांगल्या पिठाचे खळगे पिवळेधमक. आमच्या पिठाचे पाण्यासारखे.

"अहो, डोळे फुटले होते का? शेजारचं चांगलं पीठ पिवळं झालेलं दिसलं नाही? माझ्याकडे रंग नाही म्हणजे विष!"

ते ताटलीवर वाकले. "मला वाटलं..."

"वाटू दे! आधी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, घरचा पत्ता द्या!"

मी घरी फोन लावला. नुसता वाजत राहिला. शेवटी सासूबाईंनी उचलला.

"आई, जेवलात?"

"केव्हाच. कडूच लागलं गं, चिमी तोंड उघडेना. पण तू तपासलंयस म्हटल्यावर बळेबळे भरवलं तिला." त्यांची जीभ जड झाली होती.

"चिमी कुठेय?"

"ही काय इथेच. कधीची तुझ्याकडे बघून हसतेय. तू अशी दारात का उभी? आत ये ना गं."